अल्बिनाच्या छपरावरचा उभा अँटेना

हाव्हेल्का, नेब्रास्का
मंगळवार, २२ ऑक्टोबर १९९६

माझ्या धाकट्या बहिणीस, अल्बिनास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद घे, आणि घेऊन झाले की खुर्चीत नीट टेकून बस, कारण पत्र लांबणार आहे. तुझा खोकला टूसॉनच्या कोरड्या हवेत कमी झाला असेल अशी आशा आहे. (तिकडे ऑक्टोबरातही घाम येतो म्हणे. माणसं जन्मभर राबून पैसा साठवतात आणि मग भट्टीत राहायला जातात, याला काय म्हणावं?) लेक, जावई आणि नातू खुशाल असतील. माझा उजवा गुडघा टीव्हीवरच्या हवामानवाल्यापेक्षा खरं बोलतो, आणि तो म्हणतोय की शनिवारी पाऊस. बाकी माझं ठीक. तुझा नवरा जिवंत आहे. यापुढचं सगळं पत्र त्याच्याबद्दलच आहे, तेव्हा चांगली बातमी इथे संपली.

जाताना तू गाडीची काच खाली करून मला बजावलं होतंस, "एमिल, तो अँटेना पुन्हा आडवा होईस्तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही. आता तूच बघ." मी बघतोय. आज चोवीस दिवस मी बघतोय, आणि अँटेना उभाच आहे. तू नसल्यामुळे माझं रविवारचं जेवण बंद झालंय. तुझा नवरा मला डब्यातलं टोमॅटो सूप देतो, तेही कोमट, आणि वर विचारतो, "मीठ बरोबर आहे ना?" तेव्हा तू परत यावीस यात माझा स्वार्थ आहे हे मी लपवत नाही. पण त्या दिवशी तू रागाच्या भरात गेलीस, तुला अर्धंच ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

फुटबॉलच्या सामन्याला तुझ्या बैठकीत चौदा माणसं होती. मध्यंतराच्या जरा आधी टीव्हीवर मुंग्या आल्या, तुला वाटलं वारा सुटला, आणि मग खिडकीबाहेर तुला डेल्मरचे बूट शिडीवर दिसले. एवढं तू पाहिलंस. त्यामागचं डोकं तू पाहिलं नाहीस. त्या दुपारी म्हणे कुठलंसं जुन्या रंगाचं इंजिन आपल्या लाइनीवरून जाणार होतं, आणि त्याच्या ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला तुझ्या नवऱ्याला मोठा अँटेना हवा होता. घरात अँटेना एकच, तो टीव्हीचा. (गावात केबल येऊन सहा वर्षं झाली, पण डेल्मर महिना वीस डॉलर देईल तर सूर्य प्लॅट नदीतून उगवेल.) त्याचा बेत असा की मध्यंतराच्या वीस मिनिटांत अँटेना उभा करायचा, इंजिन ऐकायचं, आणि सामना सुरू व्हायच्या आत पुन्हा आडवा करायचा, कोणाला पत्ता लागणार नाही. बरं, निदान मध्यंतराची वाट तरी बघायची! घड्याळ बघायला चुकला आणि दहा मिनिटं आधीच चढला. चाळीस वर्षं मक्याचं बियाणं विकलं या माणसाने. शेतकरी याच्याकडून घेत कसे होते, देव जाणे.

तू विचारशील, उभा कशाला? मीही विचारलं, आणि पस्तावलो. तुझ्या जेवणाच्या टेबलावर सगळे काटे-चमचे पसरून त्याने मला पाऊण तास शिकवलं. टीव्हीच्या लाटा म्हणे आडव्या येतात, आणि रेल्वेच्या उभ्या, म्हणून अँटेनाच्या काड्या उभ्या हव्यात. मी अडतीस वर्षं इंजिन चालवताना त्या रेडिओवर बोललो, अल्बिना, माझं बोलणं उभं जातंय की आडवं याची एकदाही चौकशी केली नाही. बोललो, पलीकडे ऐकू गेलं, संपलं. पण उंटावरच्या शहाण्याचं एवढ्यावर भागत नाही. काड्या उभ्या केल्या तर त्या लोखंडी खांबाला समांतर येतात आणि खांब लाटा खाऊन टाकतो, म्हणून वरचा तुकडा लाकडाचा हवा. गावात लाकडाची वखार आहे. तिथे न जाता हा तुझ्या कपाटात शिरला आणि हँगर अडकवायची दांडी काढून घेतली. तुझे सगळे झगे पलंगावर का पडले होते ते आता कळलं ना? (मी तर म्हणतो बरंच झालं, आयतेच काढून ठेवलेले होते म्हणून तुझं सामान दहा मिनिटांत बांधून झालं.)

तुझ्या विणकामाच्या सुयांचंही तसंच. अँटेनाच्या लांब काड्या त्याने काढून टाकल्या, आणि ज्या आखूड होत्या त्या रेल्वेच्या मापाला दोन-दोन इंच कमी पडत होत्या. काड्या पोकळ असतात. त्यात घट्ट बसेल असं, हलकं, ॲल्युमिनियमचं घरात काय आहे, असा विचार करत तो फिरला, आणि तुझी विणकामाची टोपली त्याच्या नजरेस पडली. दहा नंबरच्या सुया! नातवाच्या स्वेटरातून ओढून काढल्या, चालू टाक्यांतून! आता पश्चात्ताप झालाय म्हणे. रोज संध्याकाळी चष्मा लावून तो सुटलेले टाके एका पेन्सिलीवर गोळा करत बसतो. एकशे बारा टाके होते असं तू चिठ्ठीवर लिहून ठेवलंयस, त्याला एकशे नऊच सापडले. उरलेले तीन तो परवा सोफ्याखाली शोधत होता.

आणि हे सगळं कशासाठी? तुझं घर रुळापासून अर्ध्या मैलावर आहे. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून गाडी दिसते, तिचे डबे मोजता येतात, ड्रायव्हरने दाढी केलीय की नाही हेही कळतं. पण जी दिसते ती गाडी त्याला ऐकायची नसते. त्याला ऐकायची असते ती चाळीस मैलांवरची. ही जातच अशी आहे. माझ्या नोकरीत प्रत्येक फाटकाशी यातला एक तरी उभा असायचा, गळ्यात कॅमेरा, हातात वही, इंजिनाचा नंबर लिहून घेणार आणि मला हात करणार. कडाक्याच्या थंडीत, बायकामुलं टाकून! कशासाठी? इंजिन स्वतःचा नंबर विसरणार आहे का? ज्याला इंजिनाची इतकी हौस त्याने रेल्वेत भरती व्हावं, पहाटे तीनला उठावं, ब्रेकच्या नळीतला बर्फ फुंकर मारून काढावा, मग वही काढावी. मी त्यांना कधी उलट हात केला नाही. आणि शेवटी त्यातलाच एक माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला.

कहर म्हणजे ती पेटी. रुळाकडेला लावलेली यंत्रं तुला ठाऊक आहेत, गाडी वरून गेली की तापलेलं चाक वगैरे तपासतात आणि रेडिओवर यंत्राच्या आवाजात सांगतात: दोष नाही, चाकांचे आस चारशे चोवीस. तुझा नवरा ते वहीत लिहितो, आणि पेटीला "थँक यू" म्हणतो. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. चाळीस वर्षांच्या संसारात तुझ्या स्वयंपाकाला हा माणूस कधी "दोष नाही" म्हणाला का? मी तसं त्याला विचारलं. त्यावर म्हणतो, "ती विचारत नाही ना, पेटी आपणहून सांगते."

असो. गेल्या गुरुवारी दुपारी मी ठरवलं की आता पुरे. पाना घेतला, तेलाची बाटली घेतली, आणि या गुडघ्यानिशी तुझ्या छपरावर चढलो. डेल्मर खाली शिडी धरून उभा. विरोध केला नाही, हूं की चूं नाही. (तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) त्याचा रेडिओ स्वयंपाकघराच्या खिडकीत, आवाज असा मोठा की शेजारच्या गाईंनाही वेळापत्रक कळावं. मी बोल्ट सैल केला, काड्या हळूहळू कलायला लागल्या, एवढ्यात खालून हा ओरडला, "एमिल! निळं इंजिन येतंय! आत्ता सांगितलं!" आणि मी वळून बघेपर्यंत शिडी उचलली, पिकअपमध्ये टाकली, आणि फाटकाकडे धूम. फोटो उंचावरून चांगला येतो म्हणून शिडी. मी छपरावर. सहासष्ट वर्षांचा माणूस, एका हातात पाना, दुसऱ्या हातात बहिणीच्या विणकामाच्या सुया, आणि उतरायला वाट नाही. त्याला मी तिथून काय काय म्हणालो ते कागदावर लिहिलं तर पोस्टमास्तर पत्र घेणार नाही.

मग काय, बसलो. खिडकीतला रेडिओ चालूच. कान बंद करता येत नाहीत म्हणून ऐकत होतो, आवड म्हणून नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. अर्धा तास नुसतं आपलं नेहमीचं, हा सिग्नल, तो सिग्नल. मग पश्चिमेकडच्या चढावर एका गव्हाच्या गाडीचा ड्रायव्हर, आवाजावरून कालचं पोर, कंट्रोलला सांगत होता की रूळ ओला आहे, चाकं घसरतायत. आणि कंट्रोलवाली पोरगी म्हणाली, "बघ हं, मला आज झेलेंका नकोय. मागे चार गाड्या आहेत."

मला वाटलं कानात वारा शिरला. पण तो पोरगा हसला आणि म्हणाला, "नाही करत झेलेंका, काळजी करू नका." अल्बिना, त्या चढाला माझं नाव पडलंय! गाडी त्या चढावर अडकली की "झेलेंका झाला" म्हणतात! आणि यात तुझा हात आहे हे तुला आज बावीस वर्षांनी सांगतो. चौऱ्याहत्तर सालच्या मार्चात तू मला डब्यात सारणाचे गोड कोलाचे पाव दिले होतेस, खसखशीचे सहा आणि जर्दाळूचा एक. जर्दाळूचा शेवटी ठेवला होता. चढ लागायच्या ऐन वेळी तो हातातून निसटून खाली पडला, मी उचलायला वाकलो, वाकताना कोपर लिव्हरला लागलं, आणि जो वेग चढासाठी जमवला होता तो गेला. पाऊस भुरभुरत होता. गाडी मधोमध अडकली. अर्धी तोडून वर नेली, मग उरलेली अर्धी नेली, मागे साडेपाच तास चार गाड्या खोळंबल्या. मी अहवालात "ओला रूळ" एवढंच लिहिलं. गार्डाला मात्र माहीत होतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

संतापलो मी. अडतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, आणि तेवढंच लोकांच्या ध्यानात! आणि नेमका तेव्हाच रेडिओ खरखरायला लागला. बोल्ट मी सैल केलेला, काड्या आडव्या पडत चाललेल्या. पोरगा विचारत होता की हा झेलेंका होता तरी कोण, आणि उत्तर ऐकू येईना! मग मी उठलो, आणि तो सबंध अँटेना दोन्ही हातांनी कवटाळून उभा धरला. आवाज स्वच्छ आला. कोणी म्हातारा गार्ड बोलत होता, माझ्या गाडीवर कधीकाळी असेलही, पण आवाज अजिबात ओळखीचा नाही. तो म्हणाला, "पोरा, त्या माणसाच्या मागे गार्डाच्या डब्यात बसलं ना, तर कपातली कॉफी हलायची नाही. शंभर डबे असोत, धक्का म्हणून नाही. त्याच्यासारखी गाडी उचलणारा मी दुसरा पाहिला नाही. एकदा अडकला, आणि आपण तेवढंच लक्षात ठेवलं."

मी रडलो नाही. छपरावर वारा फार होता, डोळ्यांत धूळ गेली. नोकरीतून उतरलो त्या दिवशी मला एक घड्याळ मिळालं आणि केक मिळाला, आणि त्यानंतर पाच वर्षांत त्या लाइनीवरच्या एकाही माणसाचा मला फोन आलेला नाही. मला वाटलं होतं, विसरले. आता खरंच वाटतं की एवढ्यासाठी त्या चढावर अडकलो तेही बरं झालं. पुढे कोणी आणखी काही बोलेल म्हणून मी तसाच धरून उभा राहिलो, चाळीस मिनिटं. तेवढ्यात तुझी ती शेजारीण, मिसेस क्राटोश्का, चर्चमधून गोधड्या शिवून परत येत होती. तिने गाडी थांबवली, काच खाली केली, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेली. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की एमिल झेलेंका बहिणीच्या छपरावर लोखंडाला मिठी मारून उभा होता. शुक्रवारी न्हाव्याने मला विचारलं, तब्येत कशी आहे.

डेल्मर सव्वा तासाने परत आला. निळं इंजिन मिळालं का विचारलं, तर म्हणतो हुकलं. ऐक, म्हणजे सव्वा तास मी छपरावर, आणि याच्या हाती भोपळा! "मग, आडवा केलास का?" त्याने विचारलं. मी सांगितलं, बोल्ट गंजलाय, हलत नाही.

तर असं आहे सगळं. तुझा नवरा वेडा आहे हे तुझं मत मी पूर्णपणे मान्य करतो. नातवाला माझा पापा दे. पत्र डेल्मरच्याच हाती टपालात पाठवतोय, कारण आज गुडघा फारच बोलतोय, आणि दुसऱ्याचं पत्र उघडून वाचण्याइतकी अक्कल त्याला देवाने दिलेली नाही.

तुझा भाऊ,
एमिल

ता. क. बोल्ट गंजलेला नाही. मीच परत आवळला.

दुसरी ता. क. आता मुद्द्याचं. टीव्हीचा नवा कोरा अँटेना मी शनिवारी दुकानातून आणलाय आणि माझ्या कोठारात झाकून ठेवलाय, उद्या सकाळी तो डेल्मरच्या हवाली करतो. तो तुझ्या छपरावर आडवा बसेल, आणि तू पुढच्या रविवारच्या आत घरी येशील. पण मग जुन्याचं काय करायचं? तू असं कर, डेल्मरला एक कडक पत्र लिही. लिही की तो भंगार उभा अँटेना मला माझ्या छपरावर नकोच, नेऊन एमिलच्या छपरावर लाव, तो एकटाच असतो, त्याच्या घरात कोणाची अडचण होणार नाही. मी थोडा आरडाओरडा करीन, मग ऐकीन. हे मी सांगितलंय हे त्याला कदापि कळता कामा नये. अडतीस वर्षं मी ज्यांना उलट हात केला नाही, त्यांच्यापुढे या वयात मान खाली घालायला लावू नकोस. आणि जोडणी त्यालाच करावी लागेल, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

अल्बिना, खालचं मी लिहितोय, डेल्मर. एमिल पाकीट चिकटवायला विसरला. मी वाचायला नको होतं. वाचलं.

गुरुवारी निळं इंजिन वगैरे काही येत नव्हतं. त्या चढाचं नाव मी महिनाभर ऐकतोय, दुपारच्या गाड्यांवर कोणी ना कोणी घेतंच. मी सांगितलं असतं तर एमिल म्हणाला असता की मी थापा मारतोय. म्हणून आवाज मोठा ठेवला आणि शिडी नेली. फाटकाशी बसून होतो. त्याला अँटेना धरून उभा बघितला तेव्हा परत यायला निघालो होतो, पण पिकअप पुन्हा बंद केली, म्हटलं ऐकू दे त्याला. त्या म्हाताऱ्या गार्डाचं बोलणं मात्र मला माहीत नव्हतं, ते आत्ता या पत्रातून कळलं.

नवा अँटेना उद्या सकाळी लावतो. दांडी वखारीतून आणली आहे, तुझे राहिलेले झगे परत कपाटात आहेत. मी चुकलो. तू ये.

आणि एमिलने सांगितलंय तसं पत्र मला जरूर लिही, चार शिव्या घालून, मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवीन. त्याला वेगळं लिहिशील तेव्हा लिही की डेल्मर जुना अँटेना द्यायला तयारच नव्हता, फार मिनतवारी करावी लागली. त्याला बरं वाटेल.